माहेरच्या माश्या, सासरच्या माश्या

थोरलीला संशय येत नाही म्हणणं म्हणजे मांजराला दुधाचं वावडं आहे म्हणण्यासारखं. टपालवाला दहा मिनिटं उशिरा आला तरी तो कुठे रमला होता याचा ती छडा लावायची. पण या खेपेला तिचा संशय हवेतला नव्हता. कामावरच्या मॅडमनी स्वतः कागद पुढे सरकवून आकडा दाखवला होता.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दोघी एकाच प्रयोगशाळेत फळांवरच्या माश्या सांभाळायच्या, त्याही एकाच खोलीत. वीस वर्षांपूर्वी तिथल्या जुन्या सरांनी एकाच माशीच्या पिल्लावळीचे दोन वाटे केले होते. एक वाटा नेहमीच्या केळ्याच्या लगद्यावर ठेवला, दुसरा मक्याच्या लापशीवर पाठवला. खाणं बदललं की पुढेमागे जातच बदलते का, हे त्यांना बघायचं होतं. पहिल्या कपाटाला त्यांनी नाव दिलं माहेर, दुसऱ्याला सासर. सर सांगायचे, "मुद्दाम कोणी काही करत नाही हो. ज्या टिकतात त्यांची पिल्लं होतात, आणि पिल्लं त्यांच्यासारखी निघतात. असं शेकडो पिढ्या चाललं की एका घराची दोन घरं होतात, मग सोयरीकसुद्धा जमत नाही."

माश्यांचं व्हायचं तेव्हा होईल, जावांच्या घराची मात्र नऊ वर्षांपूर्वीच दोन घरं झाली. गच्चीची किल्ली कोणी हरवली यावरून सुरू झालेलं भांडण चुलींपर्यंत गेलं. कामाच्या वेळाही दोघींनी वेगळ्या मागून घेतल्या. थोरली सकाळी सात ते बारा, माहेर तिच्याकडे. धाकटी दुपारी एक ते सहा, सासर तिच्याकडे. मधला एक तास खोली रिकामी, म्हणजे जिन्यातही तोंड बघायला नको.

दहा वर्षांपूर्वी सर निवृत्त झाल्यापासून दोन्ही कपाटांची गाठ कोणी घालून पाहिलीच नव्हती. ती यंदा नव्या मॅडमनी घातली. माहेरचे पन्नास नर आणि सासरच्या पन्नास माद्या त्यांनी आपल्या खोलीत एका काचेच्या पेटीत दिवसभर ठेवल्या. सरांच्या शेवटच्या नोंदीत सदतीस जोड्या होत्या. आता जमल्या चार. आपापल्या घरात मात्र दोन्हीकडे जोड्या झकास जमत होत्या.

"बाहेरची माशी शिरलीय कुठल्यातरी कपाटात," मॅडम म्हणाल्या. "ज्यांच्या हातून झालं असेल त्यांना मला कामावर ठेवता येणार नाही."

थोरलीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. धाकटीच्या हलगर्जीपणाने सासरच्या माश्या केव्हाच मेल्या असणार, आणि बाटल्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून हिने फळबाजारातल्या उकिरड्यावरच्या माश्या आणून भरल्या असणार. तिने हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून, खाली सही ठोकून मॅडमच्या हातात दिलं.

"डोळ्यांनी पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"मला न पाहताही कळतं."

"मग पाहून या. शुक्रवारी ठरवू."

थोरलीने आधी सासरच्या कपाटाच्या कडीला बारीक दोरा बांधला, खास आपली गाठ मारून. दोरा रोज सकाळी सुटलेला दिसायचा, पण तो कामासाठीही सुटणारच होता, त्यातून काही हाती लागेना. शेवटी गुरुवारी ती बाराला घरी गेलीच नाही. खोलीला लागून बाटल्या धुवायची मोरी होती, तिच्या अर्धवट लोटलेल्या दारामागे पालथ्या बादलीवर ती बसून राहिली. पन्नाशीच्या बाईने असं बसणं शोभत नाही हे तिलाही कळत होतं, पण जाऊ रंगेहाथ सापडणार याचा आनंद गुडघेदुखीपेक्षा मोठा होता.

धाकटी बरोबर एकला आली. आधी भांडी मांडली, लापशी ढवळली, टेबल पुसलं. तीन वाजता तिने जुनी बाटली हातात घेतली, तळाशी टिचकी मारली आणि तोंडाला नवी बाटली लावून ती दिव्याकडे धरली. ज्या माश्या तरतरीत होत्या त्या भराभर उजेडाकडे चढून नव्या बाटलीत गेल्या. ज्या पेंगत तळाशी राहिल्या त्यांना तिने साबणाच्या पाण्यात ओतलं. थोरली डोळ्यांत तेल घालून बघत होती, पण चूक काढावी असं काही दिसेना. ती स्वतः हेच करायची, अगदी असंच, फक्त सकाळी आठला.

नव्या बाटलीत नर पंख थरथरवत माद्यांभोवती फिरायला लागले होते. थोरलीला नवल वाटलं. सकाळी ती यायची तेव्हा सासरच्या माश्या मरगळून बसलेल्या असायच्या, 'जावेच्या वळणावर गेल्यात' असं ती मनात म्हणायची. मग तिची नजर आपल्या माहेराकडे गेली. सकाळी आठला नाचणाऱ्या तिच्या लाडक्या माश्या आता काचेला चिकटून गपगार बसल्या होत्या.

सकाळी आठला पेंगणारी एकही माशी तिने नऊ वर्षांत पुढच्या बाटलीत जाऊ दिली नव्हती. दुपारी तीनला पेंगणारी धाकटीने जाऊ दिली नव्हती. दोन आठवड्यांना एक पिढी, म्हणजे दोनशेच्या वर पिढ्या. माहेरच्यांना सकाळ उरली, सासरच्यांना दुपार. बाहेरून कोणी शिरलं नव्हतं. सर खाण्याकडे बघत राहिले, आणि काम केलं ते दोन जावांच्या अबोल्याने.

ती उठली तशी बादली कलंडली. धाकटी दचकून वळली, पण किंचाळली नाही.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "नऊ वर्षांत कधी बोलला नाहीत, पण पाळत ठेवायला आलात."

"पाळत ठेवतेय हे तुला कसं कळलं?"

"मीही ठेवलीय की. तुमच्या कपाटाच्या फटीत केस लावलाय, आठवडा झाला. मला वाटलं, माश्या तुम्हीच बदलल्यात."

थोरलीला आधी हसू आलं, मग तो कागद आठवला. "अगं, मी लिहून दिलंय मॅडमना. तू बाजारातल्या माश्या भरल्यास म्हणून. सहीनिशी."

हातातला कापसाचा बोळा धाकटीने चुरगाळून टाकला. "माझी नोकरी जाईल हे ठाऊक असून?"

"ठाऊक असून," थोरली म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "चल माझ्याबरोबर, तुझ्यासमोरच खोडते."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, आणि कागद फाडला. पडताळा घ्यायला हवा होता. सोमवारी दोघींनी पेटीसमोर सकाळी सातपासून बसायचं आणि कोण कधी हलतं ते लिहायचं, असं ठरलं.

सकाळी सासरच्या माद्या बधिर होत्या, नर बिचारे एकटेच नाचले. दुपारी नर थंड पडले. मधे, बाराच्या सुमाराला, जेव्हा माश्यांची खोली नऊ वर्षं रिकामी असायची, तेव्हा चार जोड्या जमल्या.

"आता यांचं परत जमायचं नाही, नाही का?" थोरलीने विचारलं. ती पेटीकडेच बघत होती.

धाकटीने वहीत आकडा लिहिला, आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि डबा दोघींच्या मधे ठेवला.

"चार जोड्या आहेत की अजून," ती म्हणाली.