उरल्या गोळ्या आणि मेहुण्याचं तोंड

मी मलेरियावरच्या गोळ्यांची पट्टी बोलतेय. अर्धवट वापरलेली, पण अंगावरची चांदी अजून शाबूत.

मला घरी आणलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांसाठी. त्यांना हुडहुडी भरली होती. माझ्याबरोबर दुसरी एक पट्टी होती. ताप उतरवायचं काम तिचं. माझं काम त्यापुढचं, यकृतात दडी मारून झोपलेले जंतू गाठायचं. म्हणजे ताप गेला की माझा धंदा रंगात येणार, आणि ताप गेला की माणूस औषध बंद करणार! अशा गिऱ्हाइकापुढे माल कितीही खरा असो, करायचं काय?

"ठणठणीत आहे मी आता," म्हणत घड्याळजींनी मला ड्रॉवरमध्ये टाकलं. "राहू दे. कुणाच्या तरी कामी येईल."

तिथे संपलेले सेल, रबरबँड आणि माझ्यासारख्याच निम्म्यावर सोडलेल्या पट्ट्या. सगळ्यांचं रडगाणं एकच.

पुढे घड्याळजींचा मेहुणा मुक्कामाला आला. जुन्या फर्निचरचे लिलाव पुकारायचा. आवाज असा, की कपाटातल्या बश्या वाजाव्यात. पोटात मात्र चहा आणि बिस्किटं, बिस्किटं आणि चहा. आठवड्याभरात तोही कुडकुडायला लागला. त्याच्या बहिणीने, म्हणजे घड्याळजींच्या बायकोने, थेट मला काढलं.

"घे. ह्यांचा ताप हिनेच पळवला."

श्रेय दुसरीचं होतं, पण मी फुलले. खोटं कशाला बोलू?

"आ कर."

"कसा करू, ताई? तोंडाचे कोपरे चिरलेत. जीभ सोललीय."

"लिलावात बोंबलताना नाही दुखत?"

"काल बोटांच्या खुणांवर कपाट विकलं."

बहीण हसली, पण गोळी काही आत जाईना. "चल, आधी तोंड दाखवू," म्हणून तिने मला पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "जीवनसत्त्व कमी पडलंय. दूध, अंडी, पालेभाजी खात जा." तापाचं ऐकून त्यांनी रक्त तपासलं. मलेरिया निघाला. बहिणीने ऐटीत मला टेबलावर ठेवलं. "गोळ्या आहेत की घरच्या!"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "दिली का ही?"

"तोंडच उघडेना त्याचं."

"नशीब समजा. तुमच्या यजमानांना देण्याआधी आपण एक तपासणी केली होती, आठवतं? रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. काहींचं जन्मतःच कमजोर असतं."

तपासलं, तर मेहुण्याचं तसंच निघालं. मी पोटात गेले असते, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटत गेल्या असत्या. जिवावर बेतलं असतं. बहीण पांढरीफटक पडली. माझीही चांदी काळवंडली. एकाचं औषध म्हणून मिरवले, आणि दुसऱ्याचं विष ठरले असते!

मेहुणा कुजबुजला, "ताई, जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, आणि वाचलो बघ."

घरी आलो, तर घड्याळजी गोधडीत दात वाजवत होते. यकृतातले झोपलेले जागे झाले होते. आता त्यांना नवी पट्टी आहे, आणि रोज पाण्याचा पेला घेऊन बायको समोर उभी.

"अगं, बरं वाटतंय मला!"

"म्हणूनच घ्यायची. गिळा!"

मेहुण्याला दुसरं औषध लागू पडलं, जीवनसत्त्वाने तोंडही सुधारलं. ड्रॉवर रिकामा करून तोच आम्हा सगळ्यांना औषधाच्या दुकानात घेऊन आलाय. इथे नको असलेल्या गोळ्यांचा डबा असतो. बाबांनो, मला घ्याल तर शेवटपर्यंत घ्या, आणि उरलेच तर पाहुण्याच्या पुढ्यात वाढू नका.

त्याने मला डब्यावर धरलं आणि छाती भरून पुकारा केला, "उरल्या गोळ्या! एक वार... दोन वार... तीन वार!"

फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं, पण बोली कुणी लावली नाही. इतका चांगला सौदा मी आयुष्यात पाहिला नाही.