काल्याच्या कीर्तनात आलेली शिट्टी

घोटीच्या पुढे, डोंगराच्या ऐन पोटाशी असलेल्या त्या वाडीत सप्ताहाचा शेवटचा दिवस होता आणि सावळीराम पहाटेपासून आनंदात होता. काल्याच्या कीर्तनाला बाहेरगावचे बुवा आले होते. गळा असा गोड, की ऐकताना माणसाला आपलं दुखणंखुपणं आठवू नये. त्यांच्यामागे टाळ धरून उभं राहायचं, म्हणून सावळीरामने वर्षभर वाट बघितली होती.

एरवी तो वाटाड्या. डोंगरावरच्या गडावर जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, माणशी दोन लिटर पाणी आहे का बघायचं, अकराला जिथे असाल तिथून माघारी फिरा म्हणून बजावायचं. देवपूजेइतक्याच नेमाने तो हे करी. आणि एकट्याला वर सोडत नसे, मग कोणी कितीही गळ घालो.

सकाळी सातला नाशिकहून ललित आला, तो एकटाच. पतसंस्थेत कारकून, पन्नाशीचा, शांत माणूस. दर हिवाळ्यात मित्राला घेऊन यायचा. यंदा मित्र अमोल तापाने पडला होता.

“एकटं नाय सोडत साहेब, तुम्हाला म्हाईत हाय.”

“मग चला की तुम्ही.”

“आज काला हाय. आज वाटाड्या गावायचा नाय. उद्या या.”

“उद्या तुम्ही बसता का माझ्या टेबलावर?” ललित हसला. “सहावी खेप माझी, सावळीरामभाऊ. वाट पाठ आहे. पंगतीला खाली हजर असतो बघा.”

सावळीरामने डोंगराकडे बघितलं, मग मांडवाकडे. तिथे पखवाजाला कणीक लावणं चाललं होतं. जीव सगळा तिकडे ओढत होता. त्याने आपल्या गळ्यातली शिट्टी काढून ललितच्या हातात दिली.

“काय झालंच तर तीन वाजवायच्या. थांबायचं, परत तीन. खाली ऐकू येती. आम्ही येतो.”

“नक्की ना?”

“माळकरी हाय मी. येतो म्हणलं की येतो.”

दहाला कीर्तन उभं राहिलं. कळसाला बांधलेल्या चार कर्ण्यांतून गजर कड्यावर आदळून परत येत होता. साडेदहाच्या सुमाराला बुवा गोपाळांच्या शिदोऱ्यांचा प्रसंग सांगू लागले. टाळ थांबले. त्या थांबण्यात सावळीरामला ऐकू आलं. तीन. मग पुन्हा तीन. बारीक, वरून.

“केरू, शिट्टी वाजती,” तो शेजारच्या टाळकऱ्याला म्हणाला.

“पोरं हायेत. खेळणीवाला बसलाय भायेर.”

“वरनं येती रं.”

“कर्णा घुमतोय. गप ऱ्हा, बुवा बघत्यात.”

भर कीर्तनात रांग मोडून निघायचं म्हणजे चारशे माणसांच्या डोळ्यांत यायचं. पुन्हा गजर सुरू झाला. पुढे टाळ थांबले तेव्हा पुन्हा तीन आल्या. टाळकऱ्याला मोजणं शिकवावं लागत नाही. तो न ठरवताही मोजत राहिला. एकदा पाय उचलला, तो जागीच टेकवला. पोरंच असतील, असं त्याने मनाशी धरलं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला बुवांच्या तोंडून देव इतका जवळ आला होता, की तिथून हलवत नव्हतं.

हंडी फुटली. सावळीराम तडक खेळणीवाल्याकडे गेला. त्याच्याकडे फुगे होते, भिंगऱ्या होत्या, बाहुल्या होत्या.

“शिट्ट्या संपल्या का रं?”

“आणल्याच नाय या वक्ताला.”

दोर, घोंगडी आणि केरूसकट चौघांना घेऊन तो पळतच चढला. दीडच्या सुमाराला ललित सापडला. वाळल्या गवतावरून पाय घसरून आडव्या वाटेखाली वीस फूट गेला होता. मांडी मोडलेली, श्वास थांबलेला. रक्त खडकावर वाळून काळं पडलं होतं. पाठीवरच्या पिशवीत लोकांनी वर टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, नीट चेपून भरलेल्या. शिट्टी दातांत होती. ती काढायला सावळीरामचा हात धजला नाही, केरूने काढली.

घोंगडीची झोळी करून त्यांनी ललितला खाली आणलं. निरोप मिळाल्यावर चारला त्याची बायको योगिनी आली. अमोल तापातच शाल गुंडाळून गाडी चालवत तिला घेऊन आला होता. ती रडत नव्हती.

“अमोलभाऊजी म्हणतात, इथे शिट्टी वाजवायला सांगतात. ह्यांनी वाजवली असेल का?”

“चार कर्णे चालू व्हते ताई,” केरू घाईने म्हणाला. “कुणाला काय ऐकू येणार?” आणि त्याने सावळीरामचा दंड दाबला.

सावळीरामने दंड सोडवून घेतला.

“वाजवली. म्या ऐकली.”

तिने एखादी थप्पड मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसतं विचारलं,

“किती वेळा?”

“पाच येळा. तीन-तीन.”

“पहिली?”

“साडेधाला.”

“आणि शेवटची?”

“हंडीच्या जरा आधी. बारा वाजत आले व्हते.”

योगिनीने बोटांवर काहीतरी मोजलं.

“म्हणजे तोवर होते,” ती स्वतःशीच बोलली आणि गाडीत ठेवलेल्या ललितजवळ जाऊन बसली.

गाडी वळणाआड गेली. देवळातून पंगतीसाठी हाका येत होत्या. सावळीरामने विठ्ठलाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि ते नाव काही ओठांवर आलं नाही.