गडूतली वाळू

डाग देणारीचा हात लपत नाही, असं थोरली नेहमी म्हणायची. रेडिओच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मिळून बावीस बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर एक दिवा, हातात कथलाचा डाग द्यायची तापलेली सळई आणि नाकात राळेचा धूर. संध्याकाळी तपासनीस बाई एकेक रेडिओ उलटा करून आतल्या तारांचे सांधे बघायच्या आणि हे कुणाचं काम, ते न विचारता सांगायच्या. कुणाचा डाग चपटा, कुणाचा फुगीर, कुणाचा घाईत विस्कटलेला. थोरली डावखुरी. तिचा सांधा काचेसारखा गुळगुळीत यायचा, पण सळई उचलताना शेवटी मोहरीएवढा एक थेंब मागे राहायचाच. तो घालवण्यासाठी तपासनीस बाईंनी जंग जंग पछाडलं. शेवटी बाई निवृत्त झाल्या, थेंब राहिला.

थोरली म्हणजे दोन जावांतली थोरली. धाकटी जाऊ दोन गल्ल्या सोडून राहायची. थोरलीला मूलबाळ नव्हतं, धाकटीची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांबच्या देशात गेलेली. त्यामुळे सणावारापासून दुखण्याखुपण्यापर्यंत दोन घरांचं एकच घर झालं होतं.

थोरलीचे यजमान बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी आली किती वाजता, सुटली किती वाजता, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न झाल्यावर दोघांनी बारा ज्योतिर्लिंगं करायची ठरवली. दोघांची रजा जुळेल तशी, कधी दोन वर्षांनी एक, कधी चार वर्षांनी, असं करत करत सव्वीस वर्षांत बारा झाली. विश्वेश्वराकडून गंगेचं पाणी नेऊन त्यांनी रामेश्वराला घातलं, आणि रामेश्वराच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू बरोबर आणली. ती वाळू नेऊन गंगेत सोडली की यात्रा पुरी होते, असं जुनी माणसं मानतात. तेवढंच राहिलं होतं. वाळू सांडू नये म्हणून थोरलीने ती तांब्याच्या लहानशा गडूत भरली, तोंडावर पत्र्याची गोल चकती बसवली आणि घरीच कडेने डाग दिला.

त्याच किनाऱ्यावर यजमानांनी तिला गोष्ट सांगितली होती. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच, पण त्यांची सांगायची तऱ्हा वेगळी. रावणाला मारल्याचं पाप फेडायला रामाला शिवाची पूजा करायची होती. मारुतीला कैलासाहून लिंग आणायला पाठवलं. तो येईना. मुहूर्त टळत चालला, म्हणून सीतामाईने तिथल्याच वाळूचं लिंग केलं आणि पूजा उरकली. मग मारुती धापा टाकत आला तर इथे सगळं आटोपलेलं. बिचारा रुसून बसला. राम म्हणाला, हे वाळूचं उपट आणि तुझं बसव. त्याने शेपटीचा वेढा घालून ओढलं, पण वाळूचं लिंग काही हललं नाही.

“माणसाला पाठवायचं आणि त्याच्यासाठी थांबायचं नाही, हे काही मला पटत नाही,” यजमान म्हणाले होते. “देव असला म्हणून काय झालं?”

मुहूर्त टळत होता ना, असं थोरली म्हणाली, तर ते म्हणाले, आम्ही डेपोत काय करतो? एक गाडी चुकली की पुढची येते. पण रामाने नंतर जे केलं ते त्यांना फार आवडायचं. रामाने मारुतीचं लिंगही तिथेच बसवलं आणि सांगितलं, आधी याची पूजा, मग माझी. दुसऱ्याच्या कामासाठी जो पायपीट करतो त्याचा मान पहिला, हे त्यांनी त्या गोष्टीतून काढलेलं सार.

“वाळू तेवढी राहिली गं,” असं ते नंतर उठता बसता म्हणत. त्याच वर्षी एकदा डेपोतून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा होईपर्यंत काही थांबले नाहीत.

पुढे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर थोरलीने गडू एकटीने न्यायचं मनात घेतलं, पण गुडघे गेलेले आणि राळेच्या धुराने छाती धरलेली. डॉक्टरांनी एवढ्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेवढ्यात धाकटी आणि धाकटे दीर यात्रा कंपनीबरोबर उत्तरेकडे निघाले. धाकटी आपणहून आली आणि म्हणाली, ताई, द्या तो गडू, आम्ही जाणारच आहोत. थोरलीने जुन्या मोज्यात गुंडाळून गडू तिच्या हातात दिला. स्वतःचा जीव सोपवल्यासारखं वाटलं तिला.

पंधरा दिवसांनी दोघं परतली. तीर्थाहून आलेल्याच्या पाया पडतात. थोरली वयाने नऊ वर्षांनी मोठी, नात्याने मोठी, पण गुडघे कुरकुरत असताना दाराचा आधार घेऊन खाली वाकली आणि धाकटीच्या पायांवर तिने डोकं ठेवलं. धाकटी अगं बाई, ताई, हे काय, म्हणाली, पण पाय मागे घेतले नाहीत.

मग धाकटीने सांगितलं. पहाटेची वेळ, पाणी बर्फासारखं, गुरुजींनी मोठ्या भाऊजींचं नाव घ्यायला लावलं. “आणि ताई, वाळू सोडली ना, तर ती लगेच खाली गेली नाही. पाण्यात एकदा गोल फिरली आणि मग गेली. मोठे भाऊजी दारातून जाताना एकदा मागे वळून बघायचे, अगदी तस्सं.”

यजमान खरोखरच तसे वळायचे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की एकदा मान मागे, मग चालायला लागायचे. थोरलीने ते ऐकलं आणि त्यांच्या मागे पहिल्यांदाच पोटभर रडली. त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली.

नऊ वर्षं ती या गोष्टीवर जगली, म्हटलं तरी चालेल. महिन्या दोन महिन्यांनी ती धाकटीला म्हणायची, सांग गं पुन्हा. धाकटी सांगायची. सांगता सांगता त्यात भर पडत गेली. कधी सूर्य नुकता वर आलेला असायचा, कधी शेजारची एक अनोळखी बाई हात जोडून उभी असायची. धाकटे दीर मात्र ती गोष्ट निघाली की नळ बंद आहे का बघायला उठून जायचे. थोरलीला वाटायचं, भावाची आठवण सोसवत नसेल. दुसऱ्याच्या कामासाठी पायपीट करणाऱ्याचा मान पहिला, म्हणून घरात काही झालं की पहिलं पान धाकटीचं, खिडकीजवळची खुर्ची धाकटीची. मी सख्ख्या बहिणीला मागे सारलं असतं पण हिला नाही, असं ती चारचौघांत सांगायची. दोन वर्षांपूर्वी धाकटे दीरही गेले. मग तर दोघीच उरल्या.

यंदा धाकटीच्या स्वयंपाकघराचं छत ठिबकायला लागलं. मिस्त्री म्हणाला, माळा रिकामा करून द्या. धाकटी वरून एकेक वस्तू खाली देत होती आणि थोरली खुर्चीवर बसून फडक्याने पुसत होती. फुटका मिक्सर, मुलीची शाळेची पुस्तकं, गोधड्या, आणि धाकट्या दिरांची प्रवासाची तपकिरी बॅग. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात काहीतरी टणक हाताला लागलं. चेन अडकलेली. थोरलीने ती ओढून उघडली. आत जुना मोजा होता, यजमानांचा, टाचेला तिनेच रफू केलेला.

गडू बाहेर काढायच्या आधीच तिला कळलं. तरी तिने तो काढला आणि चष्मा लावून खिडकीपाशी नेला. तांबं काळवंडलं होतं. चकतीच्या कडेने डाग जसाच्या तसा, कुठे चरा नाही की उचकटलेलं नाही, आणि सांध्याच्या शेवटी मोहरीएवढा थेंब. तिने गडू कानाशी धरून हलवला. आत वाळू सरकली.

धाकटी शिडीवर होती. वरून म्हणाली, ताई, झाली का बॅग? पुढची गोधडी द्यायला ती खाली वाकली, थोरलीच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं, आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तशीच बसली.

थोरली ओरडली नाही. तिला वाटलं होतं, कधी असं काही घडलं तर आपण घर डोक्यावर घेऊ. पण तिने गडू मोज्यावर ठेवला आणि चष्मा काढला. मग ती एवढंच म्हणाली, “खरं काय झालं ते सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून एक अक्षरही वाढवू नकोस.”

खरं अगदी थोडं होतं. दोघं नदीवर गेली त्या सकाळी गडू हॉटेलच्या खोलीतच राहिला होता. पायऱ्यांवर दुसरी माणसं काही काही सोडत होती तेव्हा धाकटीला आठवण झाली. परत जाऊन आणू, असं दीर म्हणाले, पण पुन्हा एवढं चालायचा तिला कंटाळा आला. उद्या बघू म्हणाली. दुसऱ्या दिवशी बस पाचलाच निघाली. बसमध्ये दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दीर म्हणाले, वहिनीला खरं ते सांगू. ही म्हणाली, मी सांगते. मग दारात पाऊल ठेवलं आणि थोरली खाली वाकली.

“तुम्ही पाया पडलात ना ताई, मग माझी जीभच उचलेना.”

“पण नंतर उचलली की,” थोरली म्हणाली. “नऊ वर्षं चांगली उचलली.”

धाकटी रडायला लागली. म्हणाली, तुमचा चेहरा असा काही उजळायचा, मला वाटायचं, एवढ्या बोलण्याने जर माणसाला सुख होतंय तर होऊ दे. तिचं ते म्हणणंही खोटं नसावं. पण थोरलीच्या मनात दुसरंच चाललं होतं. कंटाळा आला, हे तिला समजत होतं. माणूस आहे, पाय दुखतात. विसरली, तेही समजत होतं. पण ती वाळूची गिरकी? ते उंबऱ्याबाहेरून मागे वळून बघणं? ते तर या बाईने थोरलीच्याच घरातून, तिच्याच नवऱ्याच्या चालण्यातून उचललं होतं आणि तिलाच नजराणा म्हणून दिलं होतं. आता नवरा डोळ्यांपुढे आणायचा म्हटलं तरी मध्ये धाकटीचा आवाज येणार.

“तू मला पाया पडू दिलंस,” ती म्हणाली, गडू पदरात घेतला आणि घरी गेली. माळ्यावरचं सामान तसंच खाली पडून राहिलं.

आठवडाभर धाकटी रोज येऊन दारात उभी राहायची. मी उद्याच निघते, एकटी जाते, म्हणायची. थोरली दार उघडायची, बस म्हणायची, पाणीही द्यायची, पण गडू तुझ्या हातात नाही, हे तिने एकदाच सांगितलं. मग ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, गुडघे तेव्हापेक्षा वाईट आहेत. थोरली म्हणाली, तेव्हा तुमचं ऐकलं, त्याचं काय झालं ते मी बघितलं.

यात्रा कंपनीच्या ऑफिसात काचेच्या टेबलापलीकडे एक मुलगी कॉम्प्युटरवर अर्ज भरत होती. तिने वय विचारलं. चौऱ्याहत्तर ऐकल्यावर म्हणाली, सत्तरीच्या पुढे सोबत लागते आजी, त्याशिवाय आम्ही नेत नाही. थोरलीने डोळे मिटून आपली माणसं आठवून पाहिली. बावीस बायकांतल्या चार उरल्या होत्या, त्यांतल्या दोघी अंथरुणाला खिळलेल्या. भाऊ गेला होता. भाचे होते, पण ते दिवाळीच्या फोनपुरते. कितीही फिरून आलं तरी शेवटी एकच नाव उरत होतं. तिने ते सांगितलं.

“नातं काय आजी? इथे यादीत बहीण आहे, मुलगी, सून, मैत्रीण, आणि इतर.”

“जाऊ.”

“जाऊ यात नाही. बहीण टाकू? सगळे तसंच करतात.”

“नको,” थोरली म्हणाली. “इतर लिही.”

प्रवासात धाकटीने काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. पांघरूण, औषधं, गरम पाणी, खिडकीची जागा. थोरली सगळं घेत होती आणि लागेल तेवढंच बोलत होती. बॅगा धाकटीकडे, औषधाचा डबा धाकटीकडे, चष्म्याचं घरही धाकटीकडे. गडू मात्र थोरलीच्या कमरेला बांधलेला. एकदा बसमधून उतरताना धाकटीने सवयीने हात पुढे केला, द्या ताई, जड होईल. थोरलीने नुसतं तिच्याकडे पाहिलं. हात मागे गेला.

नदीच्या पायऱ्या उंच होत्या, ओल्या होत्या, आणि धरायला काही नव्हतं. एका हातात गडू होता. थोरली पहिल्या पायरीवर थांबली, खाली पाहिलं, आणि दुसरा हात बाजूला धरला. धाकटीने तो घेतला. धरल्याशिवाय उतरताच येत नव्हतं, त्याला इलाज नव्हता. एकेक पायरी करत दोघी पाण्यापाशी आल्या. तिथे थोरलीने तो हात सोडवून घेतला. पिशवीतली छोटी सुरी काढून चकतीची कड उचकटली. स्वतःचंच काम, सहज सुटेना. मग पत्रा वाकला. तिने यजमानांचं नाव घेतलं, उशीर झाला म्हणाली, आणि गडू पाण्यात उपडा केला.

बसमध्ये परतल्यावर पुढच्या सीटवरच्या बाईंनी मान वळवून विचारलं, झालं का मनासारखं? कशी काय सोडलीत वाळू, सांगा ना. इतक्या वर्षांची सवय, धाकटीचं तोंड उघडलंच. मग तिने थोरलीकडे पाहिलं आणि मिटलं.

“वाळू होती,” थोरली म्हणाली. “पाण्यात सोडली.”

बाई थोडा वेळ वाट पाहत राहिल्या. आणखी काही येत नाही म्हटल्यावर पुढे वळल्या.