तासाला एकच थाप

"आज मी जे सांगणार आहे, ते तुमच्यातला एकही शहाणा खरं मानायचा नाही," असं म्हणून निसार मास्तरांनी काळी टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि फायनलचा, म्हणजे सातवीचा, वर्ग सावरून बसला. टोपी उतरली की मास्तरांच्या पोतडीतून थाप निघते, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं.

या थापेला कायदा होता. तासाला एक थाप. बाकीचं सगळं सोळा आणे खरं. ज्याला थाप ओळखू येईल त्यानं जागच्या जागी 'थाप!' म्हणून ओरडायचं आणि ती थाप कशावरून, तेही सांगायचं. बरोबर निघालं तर मास्तर टोपी पुन्हा डोक्यावर घालत आणि उरलेला तास स्वतः उभे राहत, खुर्ची थाप पकडणाऱ्याची. चुकलं तर कोपऱ्यातली कळशी उचलायची आणि अंगणातल्या कडुलिंबाला पाणी घालून यायचं. तो लिंब कौलांच्या वर गेला होता. "या शाळेत चुकांवर पोसलेले दोघंच," मास्तर म्हणायचे, "हा लिंब आणि मी."

थाप एकदा पकडली गेली, की मास्तर पुढं जे बोलतील ते डोळे झाकून खरं मानावं. पोरं म्हणत, नाशकात दोनच जागी खोटं बोलता येत नाही. एक रामकुंडात उभं राहून, आणि दुसरं, थाप सापडल्यावर निसार मास्तरांच्या वर्गात.

अडतीस साल होतं. दारूबंदीचं वारं सुटलं होतं. सकाळी प्रभातफेऱ्या निघत, संध्याकाळी गुत्त्यासमोर भजनं होत. आतली गिऱ्हाइकंही टाळ्यांचा ताल धरीत, असं मास्तर सांगत, पण ते टोपी काढून. हेडमास्तरांनी फर्मावलं होतं, मोठ्या पोरांना दारूनं शरीराचं काय होतं ते शिकवा. "दारू वाईट, एवढं सांगितलंत तरी चालेल."

"वाईट आहे हे तर पिणाऱ्यालाही माहीत असतं, साहेब," मास्तर म्हणाले होते. "कशी वाईट, ते कुणी सांगत नाही."

तरी त्यांनी तो तास दोनदा पुढं ढकलला होता. भूगोल काढला, गणित काढलं. कारण पुढच्या बाकावर बसणाऱ्या तीन मुलींतली एक चंद्रभागा होती. गोटीराम टांगेवाल्याची लेक.

गोटीराम हा मास्तरांचा थापांतला जोडीदार. टांग्याच्या अड्ड्यावर दोघांची जुगलबंदी चाले. मास्तरांनी म्हणावं, आमच्या आजोबांनी त्र्यंबकच्या डोंगरावर वाघाला नमाज शिकवला. की गोटीरामनं म्हणावं, खरंय, तोच वाघ परवा माझ्या टांग्यात बसला होता, शुक्रवारची घाई हाय म्हणत होता. पण गोटीराम संध्याकाळी गुत्त्यात जाई आणि मास्तर घरी. वीस वर्षं हे असंच चाललं. दसऱ्यापासून गोटीरामचं पोट ताशासारखं ताणलं, हातपाय मात्र काड्या झाले. गेल्या शुक्रवारी मास्तरच त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट ठोकून पाहिलं, डोळे पाहिले, आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं, आता आमच्या हातात काही नाही. पावसाळा दिसेल असं वाटत नाही.

बाहेर पायरीवर गोटीराम हसला. "बघा मास्तर, पोट सुटलं, अगदी शेटजी झालो. फकस्त पेढी तेवढी नाय." मग हसू ओसरलं. "चंदीची फायनल हाय मार्चात. तिला मास्तरीण व्हायचंय. हे कळलं तर पोरगी शाळा सोडून माझ्या उशाशी बसंल. लय हट्टी हाय, आईवर गेलीय. ती इच्यारंल तुम्हाला. माझ्यावर नाय तिचा इस्वास, तुमच्यावर हाय."

"मी काय सांगू तिला?"

"जल्मभर थापा मारल्या, मास्तर. एक माझ्यासाठी मारा."

मास्तरांनी मान हलवली होती. होकाराची की नकाराची, ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नव्हतं.

तर आज तास सुरू झाला.

"भाकरी पोटात गेली," मास्तर म्हणाले, "की पोट तिला बसवून घेतं. दळतं, कालवतं, मग पुढं सोडतं. दारूला मात्र जकात नाका नाही. तिला पचवावंही लागत नाही. पोटातून, आतड्यातून सरळ रक्तात आणि रक्तातून डोक्यात. उपाशीपोटी घेतली तर मी तुमची हजेरी घेऊन होईस्तोवर पहिली वर्दी मेंदूत पोचलेली असते."

"थाप!" चंद्रभागेशेजारची रेहाना ओरडली. "इतक्या लवकर कशी पोचेल?"

"कळशी," मास्तर म्हणाले. रेहाना पाय आपटत गेली.

"मेंदूत पहिल्यांदा कोण झिंगतं? कपाळामागं एक पहारेकरी बसलेला असतो. हे बोलू नकोस, इथं हसू नकोस, त्या पैलवानाला शिवी देऊ नकोस, असं सांगणारा. दारू पहिल्यांदा त्याला झोपवते."

"म्हणूनच आमचे मामा लग्नात गायला लागतात!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

"मामांचा पहारेकरी झोपतो आणि वऱ्हाडाची झोप उडते," मास्तर म्हणाले. "लोक म्हणतात दारूनं जोर येतो. ती कुणालाच उठवत नाही रे, एकेकाला झोपवत जाते. पुढचा नंबर मानेच्या वरच्या लहान मेंदूचा. बहिरूशेठ, या. ह्या फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चाला."

बहिरू हा तांबट आळीतल्या तांबटाचा मुलगा. तो ऐटीत चालला.

"हे तुझे पाय नाही चालले, लहान मेंदू चालला. तो पेंगला की ही रेघ सापासारखी वळवळते. आणि सगळ्यात खाली, मान जिथं सुरू होते तिथं, श्वास चालवणारा बसलेला आहे. खूप प्यायली तर तोही पेंगतो."

"तो झोपला तर?"

"मग उठवायला कुणी उरत नाही."

मास्तरांनी लगेच विषय वळवला. "आता हे ऐका. थंडीत घेतली की ऊब येते म्हणतात. ऊब वाटते, पण अंग उलट गार पडत जातं."

"थाप!" बहिरू ताडकन उठला. "घोटानं कान तापतात, आमचा भाता ओढणारा गडी सांगतो!"

"कान तापतात, कारण आतलं गरम रक्त कातडीला येतं. चुलीतला विस्तव अंगणात नेऊन ठेवला तर अंगण तापेल, घर गारठेल. कळशी."

बहिरू पाणी घालून आला, तोवर मास्तरांनी फळ्यावर यकृत काढलं होतं. दारूचं विष निस्तरायचं काम याचं, ते म्हणाले, आणि हा गडी आपल्या चालीनंच काम करतो. लिंबू पाजा, गार पाण्यानं आंघोळ घाला, तो घाई करत नाही. "पण गुणी आहे. परदेशात एका डॉक्टरानं कुत्र्याचं अर्ध्याच्या वर यकृत कापून टाकलं. काही आठवड्यांत ते पुन्हा होतं तेवढं झालं."

"थाप! थाप!" आठ-दहा जण एकदम ओरडले. कळशी एकच असल्यानं सगळ्यांची रांग लागली, आणि लिंबाला त्या दिवशी पूर आला. चंद्रभागा मात्र ओरडली नव्हती. ती फळ्याकडं बघत होती.

"रोज रोज दारू ओतली," मास्तर हळू झाले, "तर मात्र ते दमतं. निबर होतं, आवळत जातं. त्यावर फोड उठल्यासारखं दिसतं. बहिरू, तुझ्या वडिलांनी ठोक्यांनी मठारलेला हंडा कसा दिसतो? तसं."

याच्या पुढं काय होतं ते सांगायची वेळ आली होती. मास्तरांनी खडू ठेवला आणि भलत्याच वाटेला वळले.

"सायखेड्याला माझा एक ओळखीचा होता, पुंजाराम. त्यानं मोहाची दारू पोलिसांच्या भीतीनं म्हशीच्या पाण्याच्या डोणीत ओतली. म्हैस सगळी प्यायली. संध्याकाळी तिचं दूध काढलं, त्याचा उकळून चहा केला, आणि पारावरची अकरा म्हातारी माणसं तो चहा पिऊन अशी झिंगली की अकराच्या अकरा पाटलाच्या वाड्यासमोर फुगडी घालायला लागली. पाटलीण स्वतः—"

"थाप!" बहिरू बाकावरच चढला. "दूध उकळलं म्हणालात! आमच्याकडं दारूच्या भट्टीची भांडी डाग द्यायला येतात, मास्तर. विस्तव लागला की दारू पाण्याच्या आधी उडते. आणि दुधात येणार ती म्हशीच्या रक्तात असंल तेवढीच ना? रक्तात तेवढी असती तर म्हैस उभी राहून दूध कशी देईल? तिचा लहान मेंदू झोपला असता!"

मास्तर खुलले. असा जवाब ऐकायला ते आयुष्यभर थापा मारत आले होते. "शाब्बास रे तांबटा! बस." त्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. बहिरू खुर्चीत बसला आणि त्यानं मास्तरांसारखंच खाकरून घेतलं. पोरं खिदळली.

तेवढ्यात चंद्रभागा उभी राहिली.

"मास्तर, थाप सापडली ना आता?"

"सापडली की."

"मग आता पुढचं सगळं खरं?"

मास्तरांच्या लक्षात आलं. पोरगी मघापासून याचीच वाट बघत होती. "खरं," ते म्हणाले.

"मग यकृत हंड्यासारखं ठोक्याठोक्याचं झालं. पोटात पाणी झालं. आणि त्या माणसानं दारू सोडली, अगदी शिवतसुद्धा नाही. तर ते परत चांगलं होतं का? कुत्र्याचं होतं तसं?"

बाहेर लिंबाखाली पाणी जिरत होतं. मास्तरांनी फळ्यावरच्या यकृताकडं पाहिलं. खरं सांगावं तर मार्चातली परीक्षा जाते आणि गोटीरामचा भरवसाही. खोटं सांगावं तर बारा वर्षं पाळलेला कायदा जातो. पायरीवर बसलेला गोटीराम त्यांना दिसला. शेटजी झालो म्हणणारा.

"होतं," ते म्हणाले. "वेळ लागतो, पण होतं. हरसूलच्या बाजारात मी स्वतः पाहिलाय असा एक माणूस. पोट हे एवढं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आज डोक्यावर भाताचं पोतं घेऊन चढ चढतो. त्याची बायको म्हणते, जावई आल्यासारखा जेवतो."

तपशील झकास जमला होता. मास्तरांची कुठलीच थाप इतकी बेमालूम जमली नव्हती. पोरांनी माना डोलावल्या. रेहानानं चंद्रभागेचा हात हळूच दाबला.

चंद्रभागा बसली नाही.

"थाप," ती म्हणाली.

ओरडली नाही, नुसती म्हणाली. खुर्चीतला बहिरू तिच्याकडं बघतच राहिला.

"कशावरून?" मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"टोपी," ती म्हणाली.

सगळ्यांनी टेबलाकडं पाहिलं. टोपी टेबलावर होती. ती डोक्यावरून कधी उतरली, ते मास्तरांना कळलंच नव्हतं.

बहिरू खुर्चीवरून उठला आणि बाजूला उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. चंद्रभागा पुढं आली, पण खुर्चीत बसली नाही. टेबलावरची टोपी उचलून, तिच्यावरची खडूची पूड तिनं पदरानं पुसली आणि मास्तरांपुढं धरली.

"आबानंच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मास्तरांनी मान हलवली, या वेळी होकाराचीच.

"परीक्षेला बसेन मी," ती म्हणाली. "पण आबाला म्हणावं, चंदीनं इच्यारलं आणि तिनं ते खरं मानलं."

मास्तरांनी टोपी हातात घेतली. घातली मात्र नाही. संध्याकाळी गोटीरामकडं जायचं होतं.