सायकलवाल्यांनाही पास लावा

चष्मेवाल्यांची जावयाबद्दल एकच तक्रार होती, आणि ती कुणापुढे मांडता येण्यासारखी नव्हती. माणूस चांगला होता. शाळेत भूगोल शिकवायचा, सासुरवाडीला आला की न सांगता भांडी विसळायला उभा राहायचा, आणि चष्मेवाल्यांना 'बाबा' म्हणायचा. तिथंच सगळं अडत होतं. आपल्याला बाबा म्हणायचा हक्क जगात एकाच माणसाला आहे, आणि तो म्हणजे आपली लेक चिमी, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं.

बाजाररस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. चाकावर काच धरून तिची कड घासायची, फ्रेममध्ये बसवायची, पुन्हा काढायची, पुन्हा घासायची. या कामाला हात स्थिर लागतो आणि तोंड बंद लागतं, आणि चष्मेवाल्यांकडे दोन्ही होतं. त्यामुळे रविवारी गळ टाकून तळ्याकाठी बसणं त्यांना आपसूकच जमून गेलं होतं.

तळं गावाबाहेरच्या राखीव रानात होतं. एका अंगाला लव्हाळ्याचं बेट, दुसऱ्या अंगाला खडी पसरलेला उतार आणि मागे टेकड्या. वन्यजीव खात्यानं ही सगळी जमीन गळानं मासे धरण्याच्या परवान्यांच्या पैशातून विकत घेतली होती, तशी पाटीच फाटकावर लावलेली होती. चष्मेवाले तिच्याजवळून जाताना थोडे ताठ चालायचे. या रानातलं निदान एक झुडूप तरी आपलं आहे, असं त्यांना वाटायचं.

चिमी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर यायची. शाळा झाली, कॉलेज झालं, इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी लागली, तरी रविवार चुकला नाही. लग्नानंतरही दोन-तीन महिने ती आली. मग जावयानं तिला जाड टायरची डोंगरी सायकल घेऊन दिली.

"बाबा, या रविवारी नाही जमणार हं," तिनं फोनवर सांगितलं. "आम्ही टेकडीवरच्या वाटेनं जाणार आहोत."

पुढच्या रविवारीही 'आम्ही'. त्याच्या पुढच्याही. इतकी वर्षं चिमी 'आम्ही' म्हणाली की ती आणि बाबा असा त्याचा अर्थ व्हायचा. आता त्या शब्दात दुसराच माणूस ऐसपैस बसला होता.

रविवारी चष्मेवाले एकटेच काठावर बसू लागले. थोड्या वेळानं वरून सायकलींचा खडखडाट यायचा आणि त्याबरोबर चिमीचं हसणं. गळाला काय लागलंय, याकडे मग त्यांचं लक्षच नसायचं. खोटं कशाला बोला, त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"या सायकलवाल्यांना ना परवाना ना पास," ते घरी येऊन म्हणायचे. "वाटा उखडून ठेवतात. त्या दुरुस्त करायच्या आमच्या परवान्यांच्या पैशातून. हा कुठला न्याय?"

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणायची.

"पोटात काही दुखत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला रविवारीच बरं जाग येते."

हा तत्त्वाचा प्रश्न खात्यालाही पडला होता. राखीव रानात सायकल चालवणाऱ्यांना वार्षिक पास लावावा का, यावर सुनावणी ठेवल्याची नोटीस फाटकावर लागली. गळ टाकणाऱ्यांचे पुढारी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला म्हणून दुकानात आले आणि म्हणाले, "आपल्या बाजूनं तुम्हीच बोला. तुम्ही मोजकं बोलता. मी उभा राहिलो की लोक घड्याळ बघतात."

चष्मेवाल्यांनी 'बघू' म्हटलं, पण त्याच रात्री जेवताना मुद्दे काढायला घेतले.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी ते लव्हाळ्याच्या आडोशाला बसले होते. समोरच्या उतारावर टिटवी एकदम ओरडत उठली आणि गोल गोल फिरू लागली. बघतात तो जावई आणि चिमी वाटेनं खाली येत होते. जावयानं हात वर करून चिमीला थांबवलं, सायकलवरून उतरून वाकून पाहिलं. खडीतच टिटवीनं अंडी घातली होती, अगदी वाटेच्या मधोमध. त्यानं आपली सायकल खांद्यावर घेतली आणि लांबून वळसा घालून पलीकडे नेऊन ठेवली. परत येऊन चिमीची नेली. मग वाळक्या काटक्या गोळा करून त्यानं वाट दोन्हीकडून अडवली, म्हणजे मागून येणारा कुणी त्यावरून जायला नको.

चिमीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. फार काही नाही, नुसता तळहात, दोन खांद्यांच्या मधे. दोघं काहीतरी बोलत तसेच उभे राहिले.

पाण्यावरचा गळाचा तरंगा दोनदा बुडाला. चष्मेवाल्यांनी तो पाहिलाही नाही. जावई कुणालातरी शिवी देताना, कागदाचा बोळा फेकताना, निदान घसरून पडताना दिसला असता तर त्यांना चाललं असतं. हा असा चांगला वागताना दिसला, हे मात्र त्यांना अजिबात सहन झालं नाही.

सुनावणी खात्याच्या कचेरीतल्या सभागृहात होती. डाव्या बाजूला गळवाले, उजव्या बाजूला सायकलवाले, मधे कुणी न सांगता सोडलेली मोकळी वाट. उजवीकडे दुसऱ्या रांगेत चिमी आणि जावई. समोर टेबलाशी अधिकारी बाई लिहून घेत होत्या.

सायकलवाल्यांच्या बाजूनं एक सुतार बोलला. "आम्ही रानातून काही नेत नाही. ना मासा, ना पान. मग पैसे कसले?"

चष्मेवाले उठले. "रानात राखणदार आहे. तो सायकलवाल्याच्या वाटेवरही फिरतो. झाड पडलं तर तो उचलतो, कुणी पडलं तर त्यालाही उचलतो. पावसानं खचलेली वाट तो भरून काढतो. नेत कुणी काही नसेल, पण रान वापरतात सगळे. ज्याला रान आपलं वाटतं, त्यानं ते सांभाळायलाही हातभार लावावा. एवढंच माझं म्हणणं आहे."

सुतारसुद्धा मान खाजवू लागला. चष्मेवाल्यांनी तिथंच खाली बसायला हवं होतं. पण त्यांची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली. जावई मान हलवत होता. होकारार्थी! त्याला पटलं होतं. आणि चिमी त्याच्या खांद्यावर रेलून त्याच्या कानात काहीतरी सांगत होती.

"आणि गेल्या रविवारी," चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "उतारावर टिटवीची अंडी होती. सायकल गेली त्यांच्यावरून. मी पाहिलं."

डावीकडून हळहळ उमटली. अधिकारी बाईंनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. "स्वतः पाहिलंत?"

"स्वतः."

"कोण होतं?"

"चेहरा दिसला नाही."

"मग नुसता पास कशाला?" पोस्टमास्तर उभे राहिले. "सायकलींना बंदीच करा!" गळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हात वर करून गलका थांबवला आणि सांगितलं, की प्रकार एवढा गंभीर असेल तर टेकडीची वाट पूर्ण बंद करण्याचाही विचार करावा लागेल. निर्णय दोन आठवड्यांनी.

जावई गुडघ्यांकडे बघत बसला होता. चिमी मात्र सरळ बापाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, इस्पितळाच्या पांढऱ्या कोटातच. एक गिऱ्हाईक आरशात फ्रेम लावून बघत होतं. ते जाईपर्यंत ती पेटीतल्या फ्रेमा उगाच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "ते घरटं आम्हाला दिसलं होतं, बाबा."

चष्मेवाल्यांनी चाक सुरू केलं.

"चाक बंद करा. आज सकाळी आम्ही कामावर जायच्या आधी बघायला गेलो होतो. चार अंडी होती, चारही आहेत. काटक्याही तशाच आहेत. तुम्ही लव्हाळ्यात होतात ना? तुमची टोपी दिसली होती मला. हाक मारणार होते, पण म्हटलं मासे पळतील, तुम्ही ओरडाल."

चष्मेवाल्यांनी चाक बंद केलं.

"त्याला काही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तो म्हणाला, बाबांनी दुसरं कुठलं घरटं पाहिलं असेल." तिचा आवाज चढला. "त्याला अजून वाटतंय की तुम्ही खोटं बोलणार नाही. मला आणखी काही सांगायला तोंडच राहिलं नाही."

चष्मेवाले काचेची कड अंगठ्यानं चाचपत म्हणाले, "तू यायचीस तळ्यावर. सात वर्षांची असल्यापासून. एकदम बंद केलंस."

"बंद कुठे केलं? तिथंच तर असते मी दर रविवारी."

"त्याच्याबरोबर."

"हो, त्याच्याबरोबर! कारण त्याच्याबरोबर बोलता येतं. तुमच्या शेजारी बसून मला किती काय काय सांगायचं असायचं. शाळेतलं, कॉलेजातलं, पहिल्यांदा एक्स-रेमधे कुणाच्या तरी गाठीचा फोटो बघून मी रडले होते, ते. तोंड उघडलं की तुमचं 'श्श'. वीस वर्षं श्श, बाबा."

"मला वाटायचं, तुला तसंच आवडतं."

"मला तुम्ही आवडायचात," ती म्हणाली. "मासे नाही." आणि घड्याळ बघून, डोळे पुसून ती निघून गेली. तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती.

त्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी खात्याला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर 'गैरसमजातून' असा शब्द आला, तो फाडला. दुसऱ्यावर 'नजरचुकीने' आला. चष्मे करणाऱ्यानं नजरचुकीने लिहावं याची त्यांनाच लाज वाटली, तोही फाडला. तिसऱ्यावर चार ओळी उरल्या: अंड्यांवरून सायकल गेली नाही. उलट सायकलवाल्यांनी ती वाचवली. मी खोटं बोललो. वाट बंद करू नये, पण पास जरूर लावावा.

सकाळी ते स्वतः कचेरीत गेले. अधिकारी बाईंनी पत्र वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"मग त्या दिवशी खोटं का सांगितलंत?"

"माझी मुलगी जाते त्या वाटेनं."

"म्हणजे तुम्हाला तिथं धोका वाटतो?"

चष्मेवाले जरा घुटमळले. "तसंच म्हणा," ते म्हणाले.

"हे सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागेल."

"वाचा."

दोन आठवड्यांनी बाईंनी ते वाचलं. चष्मेवाले पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. वाचून झाल्यावर पोस्टमास्तर उठले आणि दोन खुर्च्या सोडून बसले. मागून कुणीतरी 'कमाल आहे' म्हणालं. मग निर्णय झाला: सायकलवाल्यांना वार्षिक पास, वाट चालू राहील, टिटव्यांच्या विणीच्या महिन्यांत खडीचा उतार मात्र सगळ्यांनाच बंद. गळवाल्यांनाही. खोटं बोललं नसतं तरी पास लागलाच असता, हे चष्मेवाल्यांच्या तेव्हा लक्षात आलं आणि जास्तच लागलं.

बाहेर पायऱ्यांवर जावयानं त्यांना गाठलं. आता शिव्या देतो, असं वाटून चष्मेवाल्यांना जरा बरंही वाटलं.

"बाबा, पासचं तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. "मी आधीच तसं लेखी दिलं होतं खात्याला. सायकलवाले माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते."

"आणि बाकीचं?"

जावई पायऱ्यांकडे बघत राहिला. "वाईट वाटलं. पण पत्र लिहायला धीर लागतो. मला जमलं नसतं."

"जमलं असतं," चष्मेवाले तुटकपणे म्हणाले. "तुला सगळंच जमतं." आणि ते चालू लागले. माफी मागायची राहून गेली. ती त्यांनी चार दिवसांनी मागितली, त्याच्या घरी जाऊन, दारातच, चपलासुद्धा न काढता. तो 'आत तर या' म्हणत राहिला. शेवटी चिमीनं हाताला धरून आत ओढलं, तेव्हा ते चहा प्यायले.

आता महिन्यातला एक रविवार चिमी तळ्यावर येते. सायकल फाटकाशी ठेवते आणि चालत येते. बसल्याबसल्या बोलायला लागते. इस्पितळातली मोठी नर्स, बिघडलेलं मशीन, घरमालकाशी झालेली बाचाबाची, आणि दर तिसऱ्या वाक्याला तो काय म्हणाला ते. चष्मेवाले श्श करत नाहीत. मासेही येत नाहीत. पोस्टमास्तर हल्ली पलीकडच्या काठावर बसतात आणि त्यांची टोपली भरलेली असते, पण चष्मेवाले तिकडे बघत नाहीत.

ते लेकीचं ऐकतात. पहिल्यांदाच इतकं ऐकतात, आणि त्यांना ते आवडतं. फक्त मधेच वरच्या वाटेवर सायकलची घंटा वाजते, आणि चिमी वाक्य अर्धवट टाकून तिकडे बघते. तिचा सगळा चेहरा उजळतो. मग ती वळून विचारते, "काय सांगत होते मी?"

"घरमालक," चष्मेवाले सांगतात, आणि गळ पाण्यातून काढून उगाच पुन्हा टाकतात.