सुनंदाचा फोटो

निवृत्त झाल्यावर प्रेमाने पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. त्याची लेन्स निवडायला ती धाकट्या बहिणीला, सुनंदाला, घेऊन अंधेरीच्या दुकानात गेली. दुकानदाराने आधी लांबलचक झूम लेन्स लावून दिली. त्यातून समोरच्या गच्चीवरची कबुतरंही दिसत होती.

"ती छोटी दाखवा ना," प्रेमा म्हणाली.

"त्यात झूम नाही, मॅडम. तुम्हालाच चालत जवळ जावं लागेल."

ती छोटी लेन्स लावून घेऊन प्रेमा चालत सुनंदाच्या अगदी पुढ्यात गेली. पुढे आलेल्या दातांमुळे सुनंदा फोटोत नेहमी तोंडावर हात धरायची. आता मागे सरकता सरकता ती काउंटरला टेकली आणि खळखळून हसली. प्रेमाने तेवढ्यात बटण दाबलं.

सुनंदा स्क्रीनकडे बघतच राहिली. "अगं, मी छान दिसते की."

"हीच द्या," प्रेमाने दुकानदाराला सांगितलं.

बिल होईपर्यंत सुनंदाने आणखी अकरा फोटो काढून घेतले.