उकळलेली कौलं

"ही कौलं कुणी उकळली?"

क्षमानं खांद्यावरची पर्ससुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. मागच्या अंगणात, आडाच्या कट्ट्यावर जुना पंचा अंथरला होता आणि त्यावर कौलाचे सुपारीएवढे तुकडे मांडले होते. तुकड्यांमधून अजून वाफ निघत होती. सकाळी ती लॅबला गेली तेव्हा हेच तुकडे माशांच्या टाकीमागच्या गाळणपेटीत होते, काळपट आणि बुळबुळीत. आता ते नव्या विटेसारखे लाल दिसत होते.

"मी सांगितलं उकळायला," मागल्या दारातून भुजबली म्हणाले. थोरले दीर. निपाणीत फरशीचं दुकान, जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, कमिटीचे अध्यक्ष. घरात काय ठरलं हे इतरांना त्यांच्याच तोंडून कळायचं. "लई शेवाळ धरलंतं. रविवारी मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावायचा हाय न्हवं? महाराज दारात आल्यावर हॉलमधी तसली घाण दिसायला नको. पेटीबी घासून काढली. बघ की, कशी लख्ख झालीया."

"मला एक फोन करायचा होता, भावजी."

"दगडं धुवायला फोन?" ते हसले. "काय रं जिनेंद्र, ऐकलंस?"

जिनेंद्र, तिचा नवरा, मोबाईलमधून डोकं वर काढून हसला. थोरला भाऊ हसला की तो हसायचा. त्या हसण्याची तिला इतक्या वर्षांत सवय झाली होती. सवय झाली म्हणून राग यायचा राहिला नव्हता.

ती पाठ फिरवून आत गेली. हॉलमध्ये जाऊन टाकीपुढं उभी राहिली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तेच वाईट होतं. त्या पाण्यात आता काय साठत जाणार, ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. नारिंगी मासे रोजच्यासारखे तिच्या बोटामागं काचेपर्यंत आले.

"आता आठवडाभर यांना कुणी खायला घालू नका," ती एवढंच म्हणाली.

मासे खरं तर तिचे नव्हते, सासूबाईंचे, राजाबाईंचे होते. क्षमा त्यांना आत्या म्हणायची. दोन वर्षांपूर्वी जत्रेत एका गाड्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांतून गोल्डफिश टांगले होते, भर उन्हात. राजाबाई तिथं थांबल्या त्या थांबल्याच. "जिनेंद्र, सोडीव रं त्यास्नी." जीव सोडवून अभय द्यायचं, हे त्यांच्या लेखी देवदर्शनाइतकंच सरळ काम होतं. त्यांना मासे तळ्यात सोडायचे होते. क्षमानंच सांगितलं, की तळ्यात हे चार दिवससुद्धा काढणार नाहीत, मोठे मासे गिळून टाकतील. "मग घरातच ठिवू. अभय दिलंय म्हटल्यावर निस्तराय पायजे," राजाबाई म्हणाल्या, आणि टाकी आली.

टाकी आली तसा गाळणपेटीत काय भरायचं हा प्रश्न आला. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो त्यांचेच कल्ले जाळतो. तो अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू असतात, पण त्यांना चिकटून राहायला जागा लागते. भरपूर जागा, खडबडीत, बारीक भोकाभोकांची. बेळगावच्या दुकानात त्यासाठी परदेशी चिनीमातीच्या रिंगा मिळत होत्या. त्यांची किंमत ऐकून जिनेंद्रनं टाकीच परत करायची भाषा केली होती. क्षमानं मग भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या आणल्या. जागा चांगली होती, पण त्या पाण्यावर तरंगून पेटीचं झाकण उचलायच्या.

तेव्हा भुजबलींनी मोठ्या मनानं दुकानातले संगमरवराचे तुकडे पिशवी भरून आणून दिले होते. फुकट. क्षमानं एका तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. थेंब फसफसला.

"हे नको, भावजी. हा दगड पाण्यात विरघळतो. आडाचं पाणी आधीच जड आहे, ते आणखी जड होईल."

"मार्बल विरघळतंय? मग मी इतकी वर्सं साखर इकतोय व्हय गं?"

सगळं घर हसलं होतं. तीही हसली होती. पण ती पिशवी तिनं परत केली, हे ते विसरले नाहीत.

शेवटी तिला हवं ते बोरगावला मिळालं. माहेरच्या गोठ्यावरचं छप्पर उतरवलं होतं आणि खानापुरी कौलांचा ढीग परड्यात पडला होता. तिनं एक तुकडा धुऊन जिभेला लावला. तो जिभेला चिकटला. म्हणजे पाणी ओढतो, म्हणजे आत भोकं आहेत. व्हिनेगर टाकल्यावर तो गप्प राहिला. तिनं दुपारभर परड्यात बसून हातोड्यानं कौलं फोडली होती. त्यावर जिवाणू बसायला दीड महिना गेला. रोज पाणी तपासायचं, मासे भुकेले ठेवून थोडं थोडं खायला घालायचं. दिवसभर लॅबमध्ये परक्या माणसांच्या रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तिला या घरात असं एकच काम होतं, ज्यात तिचा शब्द शेवटचा होता.

आणि त्या पेटीत काय आहे हे तिनं घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मासे पृष्ठभागाला तोंडं लावून हवा गिळू लागले. तिनं आडाचं पाणी काढून टाकीतलं निम्मं पाणी बदललं, रात्री पुन्हा बदललं. शनिवारी सकाळी सगळ्यात मोठा मासा तळाशी कुशीवर पडला होता. त्याचे कल्ले लाल झाले होते.

भुजबली चहाचा कप घेऊन खाली आले. "मेला? आत्ताच मरायचा हुता व्हय! घरात उद्या चौका. क्षमा, जरा ध्यान द्याय पायजे हुतंस. जीव पाळायचं म्हणजे काय खेळ न्हाय."

क्षमानं मासा काढायची जाळी खाली ठेवली.

"काय म्हणालात?"

"ध्यान द्याय पायजे, म्हटलं."

"हा मासा दुर्लक्षानं मेला नाही, भावजी. तुम्ही मारलाय."

जिनेंद्र खुर्चीतून उठला. "अगं, अण्णांशी असं काय..."

"तू बस. दोन दिवस बसलाच आहेस, अजून बस." तिचा आवाज वर गेला नव्हता. "त्या कौलांवर जीव होते. माशांचं विष तेच खात होते. दोन वर्षं मी ते सांभाळले. तुम्ही ते पातेल्यात घालून उकळले. का, तर लोकांना हॉल स्वच्छ दिसावा! एकदा विचारलं असतंत तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारायचं कुणाला? हिला? हिनं तुमचा मार्बल परत केला होता ना!"

"हे बघ, तोंड सांभाळून बोल." भुजबलींचा कप बशीत वाजला. "आणि मी कुठं उकळलंय? आईनं उकळलं. इचार तिला."

राजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. उद्याच्यासाठी ओलेत्यानं दळलेलं पीठ त्यांच्या हाताला लागलेलं होतं. त्या कधीपासून तिथं होत्या, कुणाला ठाऊक.

"जीव हुते त्यात?"

भुजबली कपातल्या चहाकडं बघू लागले.

"क्षमा, तुला इचारतीया. जीव हुते?"

या बाईनं उभ्या आयुष्यात न गाळलेलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. आडाचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, मग ते गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि त्यात अडकलेले जीव त्याच आडात, पाण्याला टेकवून, अलगद सोडायचे. जिवाणी म्हणायच्या त्याला. त्या भांड्याच्या बुडाला मुद्दाम कडी होती, दोरीनं पाण्यापाशी नेऊन तिथंच उपडं करता यावं म्हणून. वरून ओतलं तर जीव आपटून मरतील. लग्न होऊन आल्यावर बी.एस्सी. झालेल्या क्षमाला याचं हसू आलं होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. 'काही नाही आत्या, नुसतं शेवाळ होतं.' पण मग भुजबली सुटले असते, चहा पिऊन शर्टाला इस्त्री करायला वर गेले असते.

"होते, आत्या."

"किती?"

"मोजता येणार नाहीत इतके."

राजाबाई खाली बसल्या, उंबऱ्यावरच. "प्रासुक हुईल, शुद्ध हुईल म्हणून मी उकाळलं गं. महाराजांचं पाणीबी आपण उकाळतोय, तसं. पर आदी गाळतोय की आपण. जिवाणी सोडतोय, मग उकाळतोय." त्या आपल्या पीठ लागलेल्या हातांकडं बघत होत्या. "सोडली न्हाय मी जिवाणी. तशीच पातेल्यात घातली."

क्षमाचा राग क्षणभर पाय घसरावा तसा घसरला. तिनं दगड मारला होता एकाला, आणि लागला होता दुसऱ्याला. तो दुसरा रडतसुद्धा नव्हता.

"आई, तू काय हिचं ऐकत बसतीस? बारीक किडं असत्याल," भुजबली म्हणाले. मग खिशातून नोटा काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. "जिनेंद्र, हिला बेळगावला ने. ते परदेशी काय असतं ते आण, लई भारीतलं. पायजे तर नवं मासंबी आण. विषय बंद."

क्षमानं नोटांना हात लावला नाही. स्टीलचा रुंद डबा तेवढा घेतला.

बेळगावच्या वाटेवर गाडीमागं काकती गाव पडलं.

"तू तरी थांबवायचं होतंस," ती म्हणाली.

"अण्णांपुढं मी काय बोलणार?"

"तेच. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून टीव्ही बघितलास. समोर टाकी होती. त्या पेटीत काय आहे, असं एकदा तरी विचारलंस?"

"तू सांगितलंस कधी?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्त राग आला.

दुकानदार यल्लाप्पानं तिला ओळखलं. "बर्री, या या मॅडम! कौलवाल्या मॅडम! आता तरी घ्या की हे." त्यानं रिंगांचं खोकं पुढं केलं. "टॉप क्वालिटी. एकदा घातलं की बघायला नको."

"यावर आज जिवाणू आहेत का?"

"आज कुठून असणार? कंपनीचं पॅक हाय. दीड-दोन महिन्यांत येत्यात."

"मग माझ्या कौलात आणि यात आज काय फरक आहे? तीपण कोरी, ह्यापण कोऱ्या." तिनं खोकं परत सरकवलं आणि कोपऱ्यातल्या त्याच्या जुन्या टाकीकडं बोट दाखवलं. तिच्यातल्या गाळणीचा स्पंज चिखलासारखा तपकिरी झाला होता. "मला तो स्पंज हवा. धुवायचा नाही, पिळायचा नाही. त्याच टाकीच्या पाण्यासकट द्या."

यल्लाप्पा जिनेंद्रकडं बघून हसला. "सायेब, मॅडम घाण इकत मागायल्यात."

जिनेंद्र हसायला गेला, आणि थांबला. मग म्हणाला, "द्या की त्या मागतात तर."

"घेऊन जावा. घाणीचे काय पैसे घेऊ मी?"

येताना डबा तिच्या मांडीवर होता, झाकण अर्धं उघडं, आतल्यांना हवा लागावी म्हणून. गाडीभर ओढ्याच्या तळासारखा वास पसरला. जिनेंद्रनं एकदा नाक आक्रसलं. मग एसी बंद करून त्यानं काच खाली केली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. एवढ्यानं भागणार नव्हतं.

घरी पोचल्यावर तिनं कौलाचे तुकडे पेटीत परत भरले आणि स्पंज त्यांच्या मधोमध ठेवला. तोवर आणखी दोन मासे गेले होते. दोन उरले होते. स्पंजातली घाण कौलांवर लवकर रुजली तर वाचतील, नाहीतर नाहीत. याहून जास्त तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी दारात रांगोळी होती. भुजबली सोवळ्यात, डोक्यावर पंचा, हातात श्रीफळ ठेवलेला कलश. जिनेंद्र त्यांच्या मागं. गल्लीच्या टोकाला माणसांची गडबड ऐकू येऊ लागली.

"आई, चल! महाराज निघाले. तुझ्या हातनं पयला घास, ठरलंय."

राजाबाई हॉलमध्ये टाकीपाशी पाटावर बसल्या होत्या. काल दुपारपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"मी न्हाय येत. ह्या हातानं आहार द्यायचा न्हाय मला."

"आई, लोक बघाय लागल्यात. कमिटीचा अध्यक्ष मी, आणि माझी आईच..."

"बघू देत. इचारलं तर सांग, माझ्या हातनं हिंसा झालीया. कुणाच्या सांगण्यावनं झाली, ते सांगू नगंस. ते तुझं तू बघ."

भुजबली क्षमाकडं वळले. त्यांच्या नजरेत जे होतं ते तिनं सरळ बघून घेतलं. तिला वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. तसं वाटलं नाही. कलश सावरत ते बाहेर गेले.

"क्षमा," राजाबाई म्हणाल्या, "ह्यातलं पाणी बदलायचं हाय न्हवं आज? मी गाळती."

आडाचं पाणी त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. कळशीच्या तोंडावर दुहेरी कापड धरून त्या ओतू लागल्या. कापड एका बाजूनं घसरलं. क्षमानं कापडाची दुसरी बाजू धरली.

"आणि ती कौलं पुन्यांदा मळली तर? कशी धुवायची?"

"तुमच्या गाळण्यासारखी. टाकीतल्याच पाण्यात, हलक्या हातानं. ते पाणी आडाकडच्या झाडांना घालायचं."

राजाबाईंनी मान वर केली. "मग हे मला आदीच सांगायचं हुतंस की गं. एवढं तर मला येतंय."

क्षमानं भरलेली कळशी टाकीकडं सरकवली.

बाहेर महाराजांना आहारासाठी थांबायची विनवणी करणारा भुजबलींचा मोठा, खणखणीत आवाज उठला. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र, अत्र, तिष्ठ, तिष्ठ!" पावलं दारापर्यंत आली. क्षणभर सगळं शांत झालं. मग महाराज न थांबता तसेच पुढं गेले आणि शेजारच्या दारातून तेच शब्द दुसऱ्या आवाजात ऐकू आले.

राजाबाईंनी तिकडं बघितलं नाही. त्यांनी गाळणं उलटं केलं, गाळलेल्या पाण्याची बारीक धार त्याच्यावर धरली आणि कडीच्या भांड्यात निथळत ठेवलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग भांडं घेऊन त्या एकट्याच आडाकडं निघाल्या, भिंतीला धरून.